ब्लॉगलेखनासाठी मंचाची निवड : संहिता, पत्ता आणि वास्तू

१. शब्द व वस्तू

आंतरजालावर क्रमाने प्रसिद्ध होणाऱ्या, दिनांकित आणि बहुधा एकहाती लेखनास 'ब्लॉग' ही संज्ञा मराठीत आता रूढ झाली आहे. मूळ 'वेबलॉग' हा शब्द जॉर्न बार्जर या अमेरिकन लेखकाने डिसेंबर १९९७ मध्ये वापरात आणला. पुढे १९९९ साली पीटर मर्होल्झ याने त्याची विनोदाने 'वी ब्लॉग' अशी फोड केली आणि त्या फोडीतून आजचे लघुरूप निघाले. मराठीत त्यासाठी 'अनुदिनी' व 'जालनिशी' असे दोन प्रतिशब्द सुचविले गेले. पहिला जुन्या मराठीतील क्रियाविशेषणास नाम करून घेतलेला आहे. दुसरा उघडच 'रोजनिशी'च्या धर्तीवर घडविलेला आहे. 'रोजनिशी'तील 'निशी' हा अंश लिहिणे या अर्थाच्या फारसी धातूशी संबद्ध असून फडणीस, चिटणीस या शब्दांतील 'नीस' हाही त्याच कुळातील होय. हे दोन्ही प्रतिशब्द मागे पडले व 'ब्लॉग'च टिकला. तथापि 'जालनिशी' या शब्दात जी कल्पना सूचित झाली होती ती विसरण्याजोगी नाही. निशी लिहिणाऱ्याचे काम नोंद करून संपत नसे; ती नोंद दप्तरात नीट राहील व मागाहून काढता येईल हे पाहणे हाही त्या कामाचाच भाग होता.

नव्याने ब्लॉग सुरू करणारा लेखक जो पहिला प्रश्न विचारतो तो बहुधा असा असतो की, कोणत्या मंचावर आरंभ करणे सर्वांत सोपे? सामान्य बोलण्यात ज्यास 'प्लॅटफॉर्म' म्हणतात त्यास येथे 'मंच' म्हटले आहे. आरंभ करणे आज जवळजवळ सर्वच मंचांवर सारखेच सोपे आहे. खाते उघडणे, नाव देणे व पहिले टिपण प्रसिद्ध करणे यांस अर्धा तासही पुरतो. त्यामुळे आरंभीची सुलभता ही निवडीची कसोटी म्हणून फारशी उपयोगाची राहिलेली नाही. खरी कसोटी दुसऱ्या टोकाला आहे. तो मंच सोडण्याची वेळ आली तर आपले लेखन, त्याचा पत्ता व त्याचे वाचक यांपैकी काय काय सोबत नेता येईल, या प्रश्नाच्या उत्तरावरून मंचाची योग्यता ठरवावी, हा प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा होय.

हा मुद्दा स्पष्ट होण्यासाठी ब्लॉगचे तीन घटक वेगळे केले पाहिजेत. पहिला घटक संहिता, म्हणजे प्रत्यक्ष लिहिलेला मजकूर, चित्रे व वाचकांचे अभिप्राय. दुसरा पत्ता, म्हणजे ज्या नावाने वाचक तेथे पोहोचतो ते डोमेन व प्रत्येक टिपणाचा स्वतंत्र दुवा. तिसरा घटक वास्तू, म्हणजे ज्या संगणकावर हे सर्व ठेवलेले असते तो सर्व्हर आणि ज्या आज्ञावलीच्या साह्याने ते दाखविले जाते ती आज्ञावली. मुद्रित ग्रंथात हे तीन घटक एकमेकांस बांधलेले असतात. ग्रंथ विकत घेणाऱ्याच्या हाती ते एकत्रच येतात. ब्लॉगमध्ये ते सुटे असतात, आणि ते निरनिराळ्या हातांत असू शकतात. लेखकाने यांपैकी कोणता घटक आपल्या हाती ठेवला व कोणता दुसऱ्याच्या हवाली केला, यावर त्या लेखनाचे आयुष्य अवलंबून असते.

२. मंचांचे चार प्रकार

आज उपलब्ध असलेल्या मंचांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात.

पहिला वर्ग आयत्या व बहुधा विनामूल्य मंचांचा. 'पायरा लॅब्ज' या छोट्या कंपनीने ऑगस्ट १९९९ मध्ये सुरू केलेला व २००३ साली गूगलने विकत घेतलेला 'ब्लॉगर', आणि २००५ साली सुरू झालेले 'वर्डप्रेस डॉट कॉम', ही याची प्रमुख उदाहरणे. येथे वास्तू पूर्णतः कंपनीची असते. पत्ताही, वेगळी तजवीज न केल्यास, कंपनीच्याच नावाखालील असतो.

दुसरा वर्ग मुक्त आज्ञावली स्वतःच्या होस्टिंगवर बसवून घेण्याचा. यात 'वर्डप्रेस' अग्रगण्य आहे. मॅट मुलनवेग व माइक लिटल यांनी 'बीटू' या आधीच्या मुक्त आज्ञावलीवरून ती रचली आणि २७ मे २००३ रोजी तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. 'वर्डप्रेस' ही आज्ञावली आणि 'वर्डप्रेस डॉट कॉम' ही तिच्यावर चालणारी एका कंपनीची सेवा, या दोन भिन्न वस्तू आहेत. नावांच्या सारखेपणामुळे त्यांत नित्य गल्लत होते. २०१३ साली लोकवर्गणीतून उभी राहिलेली व एका ना-नफा संस्थेच्या मालकीची 'घोस्ट' ही आज्ञावलीही याच वर्गातील आहे.

तिसरा वर्ग प्रकाशनमंचांचा. २०१२ सालचा 'मीडियम' व २०१७ सालचा 'सबस्टॅक' हे यातील ठळक मंच. येथे लेखकास वास्तूची कोणतीही चिंता नसते व मंचाचा स्वतःचा वाचकवर्ग त्यास काही अंशी आयता मिळतो. सबस्टॅकवर लेखन ईपत्राच्या रूपाने वर्गणीदारांकडे जाते, आणि वर्गणी सशुल्क असल्यास तिचा दहा टक्के वाटा मंच घेतो.

चौथा वर्ग 'स्थिर' संकेतस्थळांचा. २००८ सालच्या 'जेकिल' किंवा २०१३ सालच्या 'ह्यूगो' अशा आज्ञावल्या लेखकाच्या स्वतःच्या संगणकावरील साध्या मजकुराच्या फाइलींवरून तयार पाने बनवितात व ती पाने कोणत्याही सर्व्हरवर ठेवता येतात. येथे मूळ संहिता पहिल्या क्षणापासूनच लेखकाच्या हाती असते. मात्र आरंभीची तांत्रिक पायरी इतर वर्गांपेक्षा उंच आहे.

३. वास्तू पडतात

ज्या कंपनीकडे लेखन ठेवले ती मोठी आहे, म्हणून ते तेथे सुरक्षित आहे, हा समज गेल्या पंचवीस वर्षांच्या इतिहासाने खोटा ठरविला आहे. सामान्य माणसास विनामूल्य संकेतस्थळ देणारी 'जिओसिटीज' ही सेवा याहूने १९९९ साली विकत घेतली व २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. तिच्यावरील पानांचा जो भाग वाचला तो मुख्यतः स्वयंसेवकांनी घाईने केलेल्या नकलांमुळे. 'सिक्स अपार्ट' या कंपनीचा 'व्हॉक्स' हा मंच ३० सप्टेंबर २०१० रोजी मिटला. मायक्रोसॉफ्टचा 'विंडोज लाइव्ह स्पेसेस' मार्च २०११ मध्ये बंद झाला, आणि तेथील लेखकांना वर्डप्रेस डॉट कॉमवर स्थलांतर करण्याची मुभा देण्यात आली. 'पोस्टेरस' हा मंच ट्विटरने २०१२ साली घेतला व ३० एप्रिल २०१३ रोजी बंद केला. २००३ पासून चालू असलेला, सशुल्क व म्हणून अधिक भरवशाचा मानला गेलेला 'टाइपपॅड' हाही ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाला. त्याच्या ग्राहकांना आपले लेखन उचलून नेण्यास सुमारे एक महिन्याची मुदत मिळाली.

या घटनांतून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, मंच बंद होण्याचे कारण बहुधा लेखकाच्या वर्तनाशी निगडित नसते. ते कंपनीच्या ताळेबंदाशी किंवा मालकीबदलाशी निगडित असते. दोन, पूर्वसूचना मिळते खरी, पण ती ज्या ईपत्रावर मिळते ते लेखक वाचील, त्यास अवकाश असेल व निर्यातीची पद्धत त्यास अवगत असेल, हे सर्व जुळून यावे लागते. आजारी, प्रवासात असलेल्या किंवा दिवंगत लेखकाच्या बाबतीत ते जुळत नाही.

वास्तू उभी असूनही तिचे नियम बदलतात, हा दुसरा धोका. १९९९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'लाइव्हजर्नल'ची मालकी २००७ साली रशियन कंपनीकडे गेली, डिसेंबर २०१६ मध्ये त्याचे सर्व्हर रशियात हलविले गेले, आणि एप्रिल २०१७ मध्ये रशियन कायद्याशी बांधलेला नवा करार सर्व सदस्यांपुढे ठेवण्यात आला. अनेक लेखक त्या वेळी दुसऱ्या मंचावर निघून गेले. 'मूव्हेबल टाइप' या एके काळी लोकप्रिय असलेल्या आज्ञावलीचा परवाना मे २००४ मध्ये बदलला आणि त्याचा लाभ नवजात वर्डप्रेसला झाला. वर्डप्रेसच्या प्रसाराचे ते एक कारण मानले जाते. मुक्त आज्ञावलीचा परवाना असा मागे घेता येत नाही, हा तिचा मोठा गुण. तथापि मुक्त आज्ञावलीही संपूर्ण निर्वेध असते असे नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसच्या सूत्रधारांचा एका मोठ्या होस्टिंग-कंपनीशी तंटा झाला, तेव्हा त्या कंपनीच्या ग्राहकांना मध्यवर्ती भांडारातून मिळणारी अद्ययावत रूपे काही काळ अडली. परंतु त्या ग्राहकांची संहिता व पत्ता ही दोन्ही त्यांच्याच हाती होती, त्यामुळे त्यांस दुसरीकडे जाण्याचा मार्ग खुला राहिला. फरक नेमका येथे आहे.

४. पत्त्याचे महत्त्व

संहितेची नक्कल ठेवावी हे बहुतेकांना पटते. पत्त्याकडे मात्र दुर्लक्ष होते. वस्तुतः एखाद्या लेखाला इतरांनी दिलेले दुवे, शोधयंत्रांतील त्याच्या नोंदी, प्रबंधांतील तळटीपा, हे सर्व पत्त्यावर अवलंबून असतात. संहिता वाचली पण पत्ता गेला, तर तो लेख नव्याने जन्मलेल्या अनाथासारखा होतो.

याचे भारतीय वाचकास जवळचे वाटेल असे उदाहरण ब्लॉगरचेच आहे. २०१२ पासून गूगलने ब्लॉगरचे पत्ते देशनिहाय दाखविण्यास आरंभ केला. भारतातून उघडलेला ब्लॉग 'ब्लॉगस्पॉट डॉट कॉम' ऐवजी 'ब्लॉगस्पॉट डॉट इन' या पत्त्यावर दिसू लागला. वाचकांनी साहजिकच तोच पत्ता उतरवून घेतला व इतरत्र दिला. २०२० साली त्या 'डॉट इन' डोमेनची नोंदणी गूगलच्या हातून निसटली आणि ते नाव दुसऱ्याकडे गेले. मूळ 'डॉट कॉम' पत्ते चालू राहिले, म्हणून लेखन नष्ट झाले नाही. परंतु 'डॉट इन' असे लिहून ठेवलेले असंख्य दुवे, त्यांत मराठी ब्लॉगांचेही, एकाएकी निरर्थक झाले. त्या लेखकांचा यात काहीच दोष नव्हता. पत्ता त्यांचा नव्हता, एवढेच.

सामाईक पत्त्याचा आणखी एक धोका जुलै २००६ मध्ये दिसून आला. मुंबईतील ११ जुलैच्या रेल्वे-स्फोटांनंतरच्या आठवड्यात शासनाने काही मोजकी पाने रोखण्याचा आदेश दिला. सेवादात्या कंपन्यांना नेमकी तीच पाने अडविणे जमले नाही, आणि त्यांनी ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड, जिओसिटीज यांचे संपूर्ण पत्तेच काही दिवस रोखून धरले. ज्या सहस्रावधी लेखकांचा त्या आदेशाशी सुतराम संबंध नव्हता त्यांचेही लेखन भारतातील वाचकांस दिसेनासे झाले.

यावर उपाय फारसा खर्चिक नाही. स्वतःच्या नावाचे डोमेन वर्षाकाठी काही शे ते हजार-दीड हजार रुपयांत मिळते, आणि ते कोणत्याही मंचास जोडता येते. ब्लॉगर असे डोमेन जोडण्याचे वेगळे मूल्य घेत नाही. वर्डप्रेस डॉट कॉमवर त्यासाठी सशुल्क योजना घ्यावी लागते. सबस्टॅक एकवेळचे शुल्क घेतो. मीडियमने ही सोय २०१७ साली नव्या लेखकांसाठी बंद केली व २०२१ मध्ये पुन्हा सुरू केली. यावरून ही सोयही मंचाच्या मर्जीवर असते हे ध्यानात येईल. डोमेन आपले असले म्हणजे उद्या वास्तू बदलली तरी वाचक जुन्याच पत्त्यावर येतो व त्यास नव्या घरी नेता येते. देवनागरीतील 'डॉट भारत' ही नोंदणीही २०१४ पासून उपलब्ध आहे. मात्र देवनागरी पत्ता ईपत्रात किंवा कागदावर देताना अद्याप अडचणी येतात. म्हणून तो घेतल्यास रोमन लिपीतील पत्त्याच्या जोडीला घ्यावा.

५. देवनागरीची परीक्षा

मंचांची तुलना करणाऱ्या सामान्य लेखांत रूप, वेग व उत्पन्न यांची चर्चा असते. मराठी लेखकास याखेरीज एक परीक्षा घ्यावी लागते, आणि ती लिपीची होय.

देवनागरीस युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान आहे. तत्पूर्वीच्या व नंतरच्याही कित्येक वर्षांतील मराठी मजकूर फॉन्टावर अवलंबून होता. तो विशिष्ट फॉन्टावाचून उघडला तर निरर्थक रोमन चिन्हे दिसत. तसा मजकूर नव्या ब्लॉगवर आणावयाचा असल्यास तो प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतला पाहिजे. मंच ते काम करीत नाही.

युनिकोडमध्येही काही मराठी चिन्हांचे लेखन दोन प्रकारे होते. 'दऱ्या' व 'दर्या', 'आचाऱ्यास' व 'आचार्यास' या जोड्यांत अर्थभेद आहे व तो रफार आणि आडव्या रकारावर अवलंबून आहे. हा आडवा रकार 'ऱ' या स्वतंत्र संकेतांकास हलन्त जोडून लिहिता येतो, किंवा साध्या 'र'ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु एखाद्या आज्ञावलीने अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून गाळली, तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. दऱ्यांच्या जागी समुद्र येतो. शिवाय एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास न सापडण्याचा संभव असतो. 'ॲ' या अक्षरास स्वतंत्र संकेतांक २००८ साली मिळाला. त्यापूर्वीच्या लेखनात तेथे 'अ' व वरचा अर्धचंद्र असे दोन घटक आहेत. बोलींच्या अभ्यासकांना तर आणखी एक चिन्ह लागते. 'जग' म्हणजे विश्व व 'जग' म्हणजे जगण्याची आज्ञा, यांतील तालव्य व दन्त्य उच्चारांचा भेद दाखविण्यासाठी ते नुक्त्याचा आश्रय करून 'ज़', 'च़' असे लिहितात. सर्वच फॉन्टांत हा नुक्ता योग्य जागी बसत नाही.

दुसरी बाब टिपणाच्या दुव्याची. पत्त्यांत देवनागरी अक्षर जसेच्या तसे जात नाही. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइटांत साठविला जातो, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अक्षरे असा लिहावा लागतो. म्हणजे एका संकेतांकास नऊ चिन्हे. 'महाराष्ट्र' या शब्दात दहा संकेतांक आहेत. दुवा उतरवून दुसरीकडे चिकटविला तर हा एकच शब्द नव्वद चिन्हे व्यापतो. वर्डप्रेस दुव्यातील शीर्षकभागास दोनशे चिन्हांची मर्यादा घालते, त्यामुळे देवनागरी शीर्षकाचे बाविसाच्या आसपास संकेतांकच दुव्यात राहतात व उरलेले तुटतात. ब्लॉगर तर देवनागरी शीर्षकातून दुवा बनवीतच नाही; तेथे वर्ष व महिना यांपुढे 'ब्लॉग-पोस्ट' एवढेच शब्द व प्रसंगी एखादा अंक येतो, आणि मग शंभर टिपणांचे शंभर दुवे एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. दोन्ही ठिकाणी प्रसिद्धीपूर्वी दुवा स्वहस्ते लिहिण्याची सोय आहे. विषयदर्शक असे दोन-तीन शब्द रोमन लिपीत लिहावेत व एकदा प्रसिद्ध झालेला दुवा पुन्हा बदलू नये, हे उत्तम.

तिसरी बाब भाषानिर्देशाची. प्रत्येक पानाच्या अंतर्गत रचनेत त्याची भाषा कोणती हे नमूद करण्याची जागा असते. ती मराठी अशी नोंदविली, तर ज्या फॉन्टांत 'ल' व 'श' यांची मराठी वळणे अंतर्भूत आहेत ते फॉन्ट ती वळणे दाखवू शकतात. अन्यथा हिंदी वळणे दिसतात. याहून महत्त्वाचे असे की, अंध वाचकांसाठी पान मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावल्या याच निर्देशावरून आवाज निवडतात. भाषा इंग्रजी अशी राहून गेली, तर मराठी मजकुराचे वाचन बिघडते किंवा होतच नाही. मंचाच्या मांडणीत भाषा 'मराठी' निवडता येते किंवा नाही, हे आरंभीच पाहावे.

६. बाहेर पडण्याची तालीम

मंचाची परीक्षा घेण्याची एक सोपी रीत आहे. खाते उघडल्यावर तीन टिपणे लिहावीत. एकात वर सांगितलेले कठीण शब्द असावेत, एकात चित्र असावे, व एकास कोणाकडून तरी अभिप्राय लिहवून घ्यावा. नंतर लगेच निर्यात करून ती फाइल दुसऱ्या मंचावर आयात करावी आणि मूळाशी ताडून पाहावे. 'दऱ्या' शाबूत आहेत का? चित्र आले का? अभिप्राय व त्याचा दिनांक आला का? प्रसिद्धीच्या तारखा त्याच राहिल्या का? पाच-पन्नास वाचक येण्यापूर्वीच हे कळले तर निर्णय बदलण्यास काही वेचावे लागत नाही. पाचशे टिपणांनंतर कळले तर फार वेचावे लागते.

निर्यातीत काय येते व काय येत नाही हेही जाणून असावे. वर्डप्रेसच्या निर्यात-फाइलीत टिपणे, त्यांचे वर्ग व अभिप्राय येतात. चित्रे मात्र येत नाहीत, त्यांचे केवळ पत्ते येतात. जुना सर्व्हर बंद झाल्यावर आयात करू गेल्यास चित्रांच्या जागा रिकाम्या राहतात. ब्लॉगरची निर्यातही मजकूर व अभिप्राय देते आणि वर्डप्रेस ती स्वीकारू शकते. मीडियम व सबस्टॅक लेखनाच्या फाइली एकत्र बांधून देतात. सबस्टॅक याखेरीज वर्गणीदारांच्या ईपत्र-पत्त्यांची यादीही देतो, आणि पत्ररूपाने लिहिणाऱ्या लेखकासाठी ती यादीच खरी पुंजी असते. मीडियमवरील 'अनुसरण करणारे' वाचक मात्र त्याच मंचाचे सदस्य असतात; ते मंचाबरोबरच मागे राहतात.

७. कोणी काय निवडावे

एवढ्या विवेचनानंतर निवडीचा क्रम निश्चित करता येतो. प्रथम पत्ता, मग निर्यात, मग लिपी, व शेवटी रूप आणि सोयी.

जो एकटा लेखक खर्च व तांत्रिक खटाटोप टाळू इच्छितो, त्याने ब्लॉगर निवडून त्यास स्वतःचे डोमेन जोडणे हा सर्वांत स्वस्त व पुरेसा मार्ग आहे. त्या आज्ञावलीची वाढ मंदावलेली आहे व तिचे भवितव्य एकाच कंपनीच्या हाती आहे. परंतु पत्ता स्वतःचा व निर्यात नियमित असल्यास त्या भवितव्याची फार भीती बाळगण्याचे कारण नाही.

संस्था, महाविद्यालयीन विभाग, मंडळे यांनी स्वतःच्या होस्टिंगवरील वर्डप्रेस घ्यावे. त्यात वर्गवारी, अनेक लेखक व मराठी भाषांतरित कामकाज-पटल यांची सोय आहे. अट एकच, आज्ञावली अद्ययावत ठेवणे व नक्कल घेणे हे कोणा एका व्यक्तीचे नेमून दिलेले काम असावे, आणि डोमेन व्यक्तीच्या नावे न घेता संस्थेच्या नावे घ्यावे. विद्यार्थ्याने हौसेने सुरू केलेले विभागाचे संकेतस्थळ तो विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेल्यावर अनाथ होणे, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

ज्यास ठरावीक वर्गणीदारांपर्यंत पोहोचावयाचे आहे त्याने सबस्टॅक किंवा घोस्ट पाहावे, व वर्गणीदारांची यादी दरमहा उतरवून ठेवावी. शब्दसंग्रह, बोलींचे नमुने, म्हणी, स्थलनामे अशा ज्या नोंदी दीर्घकाळ संदर्भासाठी लागणार आहेत, त्यांच्या संग्राहकास संगणकाची थोडी माहिती असल्यास किंवा तशा सहकाऱ्याचे साह्य असल्यास स्थिर संकेतस्थळ सर्वांत टिकाऊ ठरेल; कारण साध्या मजकुराच्या फाइली कोणत्याही आज्ञावलीवाचून वाचता येतात.

मीडियमसारखा मंच वाचक मिळविण्यासाठी उपयुक्त असला, तरी तेथे नक्कल प्रसिद्ध करावी व मूळ आपल्या पत्त्यावर ठेवावे.

८. दप्तराचा प्रश्न

हा सर्व विचार व्यक्तिगत सोयीपुरता नाही. मराठी गद्याच्या अलीकडच्या इतिहासात ब्लॉगलेखनास एक विशेष स्थान आहे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी इत्यादी बोलींतील सलग गद्य, परदेशस्थ मराठी भाषकांच्या मिश्र भाषेचे नमुने, संपादकाच्या हाताखालून न गेलेले शुद्धलेखन, नव्या शब्दांचे पहिले वापर, या गोष्टी मुद्रित नियतकालिकांत क्वचितच आढळतात. ब्लॉगांत त्या दिनांकासह आढळतात. भाषाभ्यासकास याहून मोलाची सामग्री कोणती?

मुद्रित पुस्तकाच्या जतनासाठी भारतात १९५४ चा ग्रंथप्रदान अधिनियम आहे. त्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील एकेका ग्रंथालयास आपल्या पुस्तकाची प्रत द्यावयाची असते. तालुक्याच्या गावी छापलेली पन्नास पानांची पुस्तिकाही या तरतुदीमुळे कोठे तरी सापडण्याची आशा असते. आंतरजालावरील लेखन या अधिनियमाच्या कक्षेत येत नाही. ब्रिटनने २०१३ पासून अमुद्रित लेखनही अशा जतनाच्या कक्षेत आणले आहे. १९९६ साली अमेरिकेत स्थापन झालेले 'इंटरनेट आर्काइव्ह' जगभरची पाने टिपून ठेवते व कोणासही त्यात पान स्वतः नोंदविता येते. परंतु ते सर्व काही टिपील अशी हमी नाही.

याच्याच जोडीला वारसाचा प्रश्न येतो. भारतीय कायद्यानुसार लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. परंतु डोमेनची नोंदणी बहुधा वर्षावर्षाने नूतनीकरण करावी लागते व होस्टिंगचेही तसेच. म्हणजे हक्क साठ वर्षांचा आणि ज्या वस्तूवर तो हक्क आहे ती वस्तू पुढच्याच वर्षी नाहीशी, अशी स्थिती निर्माण होते. गूगलने २०२३ साली दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती हटविण्याचे धोरण जाहीर केले. खाते निष्क्रिय झाल्यास ते कोणाच्या हवाली करावे हे आधी नोंदविण्याची सोयही त्याच कंपनीने २०१३ पासून दिलेली आहे, पण ती वापरावी लागते.

तेव्हा मंचाची निवड करतानाच चार गोष्टी एका कागदावर लिहून घरातील किंवा संस्थेतील जाणत्या व्यक्तीजवळ द्याव्यात. डोमेन कोठे नोंदविले आहे, नूतनीकरणाची तारीख कोणती, लेखनाची निर्यात-प्रत कोठे ठेवली आहे, आणि आपल्या पश्चात त्या लेखनाचे काय करावे. वर्षातून एकदा, उदाहरणार्थ पाडव्याला, नवी निर्यात-प्रत काढून चित्रांसह दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि त्यांतील एक ठिकाण आंतरजालाबाहेरचे असावे. विद्यापीठांच्या मराठी व भाषाशास्त्र विभागांनी अशा प्रती लेखकांच्या लेखी संमतीने स्वीकारण्यास आरंभ केला, तर कायद्याची वाट न पाहता एका महत्त्वाच्या सामग्रीचे जतन होईल. त्यासाठी लागणारी जागा एका ग्रंथाच्या कपाटाहूनही कमी आहे.